धोत्र्याची बाजू

गेल्या वर्षी डिसेंबर महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमदानाला मी हौसेने गेले आणि संध्याकाळी एक डोळा गमावल्यासारखी वसतिगृहावर परत आले. वाचकांनी घाबरून जाऊ नये. डोळा शाबूत आहे आणि हा लेख मी दोन्ही डोळ्यांनीच लिहीत आहे. पण त्या संध्याकाळी आरशात पाहिले तेव्हा उजव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी होती आणि डाव्या डोळ्याची मात्र अंधारातल्या मांजरीसारखी पसरलेली होती. दिव्याकडे बघवत नव्हते. पुस्तक हातात घेतले तर अक्षरे पाण्यात बुडाल्यासारखी दिसत. दुखत मात्र कणभरही नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. खोलीतल्या मैत्रिणींनी आपापल्या परीने निदान केले. एकीने मेंदूचे नाव काढले. तिचे चुलते तालुक्याच्या गावी कंपाउंडर आहेत, त्यामुळे तिचे म्हणणे सर्वांनी मनावर घेतले.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला, डोक्याला मार लागला होता का ते विचारले, आणि मग एकदम म्हणाले, "आज हाताने काय काम केलेत?"

"महाविद्यालयामागची धोत्र्याची झाडे उपटली," मी म्हणाले.

"आणि त्याच हाताने डोळा चोळलात!" डॉक्टर हसले. "मेंदूत काही नाही. दोन-चार दिवसांत बाहुली आपोआप पूर्ववत होईल."

माझ्या मेंदूत काही नाही ही वार्ता दुसऱ्या दिवशी वर्गात कशी पसरली आणि तिचे काय काय अर्थ लावले गेले, ते येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु ते तीन-चार दिवस वाचता येत नसल्यामुळे विचार करायला सक्तीची सवड मिळाली. ज्या झाडाला मी लहानपणापासून पाहत आले, दर श्रावणी सोमवारी ज्याचे फूल आईसाठी आणून दिले, त्याच्याविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ते मोकळ्या हाताने उपटून मी डोळा चोळला नसता. आणि ठाऊक असते तर, मला वाटते, मी ते उपटायला गेलेच नसते.

आम्ही ही झाडे का उपटत होतो ते आता सांगायला हवे. त्याआधी महिनाभर, दिवाळीची सुटी संपता संपता, कर्मचाऱ्यांच्या चाळीतली एक पाच वर्षांची मुलगी मागच्या मोकळ्या जागेत भातुकली खेळत होती. तिने धोत्र्याचे सुकून उकललेले काटेरी बोंड घेतले, आतल्या बिया बोळक्यात घालून त्यांची "डाळ" शिजवली, बाहुलीला भरवली आणि उरलेली स्वतः खाल्ली. तासाभराने ती घरी आली ती भेलकांडतच. तोंड लालबुंद, अंग तापलेले पण घामाचा टिपूस नाही, आणि आईला ओळखेना. हवेत बोटे नाचवून ती कसले तरी न दिसणारे धागे ओढत होती. चाळीत एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणाले ताप डोक्यात गेला, कोणी म्हणाले बाहेरचे काही लागले, आणि एकाने तर देवऋषीकडे नेण्यासाठी सायकलसुद्धा काढली. सुटी असली तरी आमच्यातले काही विद्यार्थी व दोन प्राध्यापक तेथे होते. सर्वजण पदवीधर किंवा पदवीच्या वाटेवरचे. त्यांपैकी एकालाही काही उमगले नाही.

उमगले ते फाटकासमोर फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या आजींना. गलका ऐकून त्या आल्या, मुलीचे तोंड पाहिले, डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, पोरीनं धोतरा खाल्लाय. देवऋषी काय करतोय? डाक्तरकडं न्या, आन् धोतराच म्हणून सांगा." एकजण धावत भातुकलीपाशी गेला, बोळक्याशेजारी रिकामे बोंड पडलेले होतेच. ते बोंड कागदात बांधून मुलीबरोबर दवाखान्यात नेले. काय खाल्ले ते कळल्यामुळे डॉक्टरांचा वेळ मोडला नाही. मुलगी दोन दिवसांनी हसत घरी आली.

यानंतर एक बैठक झाली, सूचना फलकावर लागली आणि "परिसरातील सर्व विषारी झुडपे" काढून टाकण्याचे काम आमच्या गटाकडे आले. निर्णय सद्हेतूनेच घेतलेला होता. लहान मूल मरता मरता वाचते, तेव्हा कोणीही प्रथम हेच करील. तरीही माझे मत असे आहे की आपण उपटायला निघालो ते झाड, आणि उपटायला हवे होते ते आपले अज्ञान. ते जागच्या जागी राहिले. धोत्र्याची बाजू मांडण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. आरोपी विषारी आहे हे मला मान्य आहे. वकिलाने एवढे आरंभीच कबूल केलेले बरे.

डोळा बरा झाल्यावर मी ग्रंथालयात बसले. आपले महाविद्यालय कला शाखेचे, वनस्पतिशास्त्राचा विभाग येथे नाही. म्हणून मी अमरकोशापासून आरंभ केला. आणि तेथेच पहिला धक्का बसला. धोत्र्याची जी नावे अमरसिंहाने दिली आहेत, ती वाचली की वैद्यकाचे पुस्तक उघडण्याची गरजच पडू नये. उन्मत्त म्हणजे वेडा करणारा. मदन म्हणजे मद आणणारा. कितव म्हणजे जुगारी, फसव्या. धूर्त या नावाचा अर्थ सांगायलाच नको. सोन्याची जेवढी नावे तेवढी धोत्र्याचीही. याखेरीज मातुल असेही एक नाव आहे, आणि फळाला काय म्हणावे? मातुलपुत्रक, म्हणजे मामेभाऊ! झाड मामा आणि बोंड मामेभाऊ, असे हे घरगुती नाते. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी झाडाला भिऊन कुंपणाबाहेर घालवले नव्हते; त्याला पुरते ओळखून घरातल्या खोडकर माणसासारखी नावे दिली होती. जगानेही आपले नाव उचलले. लिनीयसने १७५३ साली वनस्पतींची शास्त्रीय नावे छापली, तेव्हा या झाडाचे नाव "दतुरा" असे आपल्या धत्तूरावरूनच कायम झाले.

गंमत अशी की वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते या गणातल्या साऱ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत. मग कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या संस्कृत कोशात धोत्रा कसा? २००७ साली बंगळूरच्या "जर्नल ऑफ बायोसायन्सेस" या नियतकालिकात गीता आणि घरैबेह या दोघा संशोधकांनी हाच प्रश्न मांडला, आणि त्यासाठी त्यांना जुने संस्कृत ग्रंथ पुराव्याला घ्यावे लागले. एका झुडपाचा प्रवास शोधायचा तर वनस्पतिशास्त्राला भाषेच्या दारात यावे लागते. "कला शाखेला धोत्र्याशी काय कर्तव्य?" असे विचारणाऱ्या मित्रांसाठी एवढे उत्तर पुरे व्हावे.

आता आरोपीचे वर्णन. धोत्रा वांग्या-बटाट्याच्या कुळातला. टोमॅटो, मिरची, तंबाखू ही सगळी त्याचीच भावंडे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली निम्मी भाजी त्याच्या नात्यातली. कमरेएवढे, कधी छातीएवढे वाढणारे हे झुडूप उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी, जेथे कोणी लक्ष देत नाही तेथे उगवते. पाने रुंद, चुरडली तर उग्र वासाची. गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. फूल लांब नळीच्या कर्ण्यासारखे, पांढरे, आणि काळ्या धोत्र्याचे जांभळे, कधी एकात एक दोन-तीन कर्णे बसवल्यासारखे. ते संध्याकाळी उमलते व अंधारात गंध सोडते, कारण त्याचे पाहुणे रात्री हिंडणारे मोठे पतंग असतात. फळ गोल व काट्यांचे. त्याच्या आत शेकडो चपट्या पिवळट-तपकिरी बिया.

या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. दोन्ही एकाच कुळातल्या, तेव्हा त्यात नवल नाही. पण या साम्यामुळे आपल्या देशातील न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दोन्ही बियांची तुलना करणारा तक्ता ठरलेलाच असतो. मिरचीचे बी फिकट, पातळ आणि तिखट; धोत्र्याचे बी काहीसे मोठे, जाड, गडद आणि कडू. जेवणात पडलेले बी कोणते, यावर कित्येक खटल्यांचे निकाल अवलंबून राहिलेले आहेत.

झाडाच्या सर्व भागांत विष आहे, बियांत विशेष. त्यातील मुख्य द्रव्ये हायोसायमीन, ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य असते. ते मज्जातंतूंकडून ग्रंथींना, डोळ्याच्या बाहुलीला, हृदयाला निरोप पोचवते. धोत्र्याचे विष काय करते, तर निरोप घेणारी दारेच अडवून धरते. लाळेला निरोप मिळत नाही, तोंड कोरडे पडते. घामाला मिळत नाही, म्हणून अंग तापते. बाहुलीला आवळण्याचा निरोप मिळत नाही, ती पसरून राहते. माझ्या डाव्या डोळ्याचे हेच झाले. आणि मेंदूत हाच गोंधळ झाला की माणूस बरळतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतले धागे ओढतो. चाळीतल्या त्या मुलीची बोटे मला अजून दिसतात. पुढे वाचताना कळले की ॲट्रोपीन हे नाव ग्रीक पुराणातल्या आत्रोपोस या देवतेवरून आले आहे. तीन भगिनींपैकी ही शेवटची, आयुष्याचा धागा कापणारी. ते वाचले आणि अंगावर काटा आला. युरोपातले ॲट्रोपीन प्रथम बेलाडोना या धोत्र्याच्या चुलतबहिणीतून निघाले. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. इटलीतल्या सुंदरी तिचा रस डोळ्यांत घालून बाहुल्या मोठ्या करीत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. मला ते सौंदर्य एकाच डोळ्यापुरते लाभले.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येते. धोत्र्याचा इतिहास पाहिला तर तो एका प्रश्नाभोवती फिरतो : हे विष कोणाला ठाऊक होते आणि कोणाला नव्हते?

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. संवादरूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात धोत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. चोरी करू पाहणारे हे झाड अन्नातून खाऊ घालतात आणि खाणारा नुसता हसत राहतो, समोर दागिने नेले तरी अडवीत नाही, असे वर्णन त्यात येते. पुढे तीन शतकांनी नॉर्मन चेव्हर्स या डॉक्टरांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १८५६ साली निघाला, त्यातही वाटमारीसाठी दिलेल्या धोत्र्याच्या हकिकती आहेत. वाटसरूंशी सलगी करायची, एका चुलीवर स्वयंपाक करायचा, पिठात किंवा डाळीत धोत्र्याचे बी मिसळायचे आणि शुद्ध हरपली की गाठोडे घेऊन पसार व्हायचे, हा धंदा करणाऱ्यांना उत्तरेत धतुरिये म्हणत. आज आगगाडीच्या डब्यात "अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका" ही सूचना आपण वाचतो. आता त्या बिस्किटांत गोळ्यांची पूड असते, पण रीत तीच, वाटसरूही तोच.

गोव्याचा चोर, रस्त्यावरचा धतुरिया, यांतल्या कोणालाही धोत्रा शिकवावा लागला नाही. त्यांना तो पक्का ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो जेवणाऱ्याला. विषाचे ज्ञान फसवणाऱ्याजवळ नेहमीच असते; ते नसते फसणाऱ्याजवळ. अमरकोशाने झाडाला धूर्त म्हटले खरे, पण झाड कोणाच्या ताटात आपण होऊन जात नाही. धूर्त तो वाढणारा.

उलट हेच विष जाणत्या हातात पडले तेव्हा काय झाले तेही पाहावे. जपानमधील हानाओका सेइशू या शल्यवैद्याने धोत्रा, बचनाग आणि इतर वनस्पती मिळून गुंगी आणणारे औषध तयार केले आणि १८०४ साली एका वृद्ध स्त्रीला ते पाजून तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. अमेरिकेत बोस्टनला ईथर देऊन झालेली सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया १८४६ सालची, म्हणजे तिच्याहून ४२ वर्षांनंतरची. या औषधाच्या चाचणीसाठी हानाओकाची पत्नी पुढे आली आणि तिची दृष्टी गेली. तिच्यावर सावाको आरियोशी या लेखिकेने १९६६ साली लिहिलेली कादंबरी जगभर वाचली गेली. एका बाहुलीचे चार दिवस मी भोगले. त्या बाईंनी दोन्ही डोळे दिले. पण या कथेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. हानाओका आपल्या शिष्यांकडून औषधाची कृती बाहेर न सांगण्याची शपथ घेई. जपानची दारेही तेव्हा जगाला जवळजवळ बंदच होती. त्यामुळे शुद्धीवर असताना चिरफाड सोसणाऱ्या जगाला या ज्ञानाचा काही उपयोग झाला नाही. झाकून ठेवलेल्या ज्ञानाची किंमत अशी कोणी तरी दुसराच मोजतो.

दम्याचीही अशीच गोष्ट. धोत्र्याचा धूर ओढून दम्याचा जोर कमी करण्याची आपल्याकडची जुनी रीत १८०२ साली मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून जनरल जेंट यांना कळली आणि त्यांनी ती ब्रिटनमध्ये नेली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तिकडे दमेकऱ्यांसाठी अशा विड्या विकल्या जात. त्या मागे पडल्या, कारण एका विडीत किती विष आहे याचा नेम नव्हता. पण श्वासनलिका मोकळी करण्यासाठी आज नळीतून ओढतात त्या औषधांपैकी इप्राट्रोपियम हे ॲट्रोपीनपासूनच घडवलेले आहे. मात्रा मोजता आली आणि विषाचे औषध झाले.

आणि आता अगदी आपल्या मातीतले उदाहरण देते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशकांपैकी मोनोक्रोटोफॉससारखी जी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली असतात, ती शरीरात ॲसिटिलकोलीन साचवतात. निरोपांचा लोंढा सुटतो. तोंडाला फेस, अंगाला घाम, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, आणि फुप्फुसांत पाणी. धोत्र्याच्या बरोबर उलट. अशा रोग्याला डॉक्टर जे औषध शिरेतून देत राहतात त्याचे नाव ॲट्रोपीन. उघडी पडलेली दारे ते बंद करते. ज्या द्रव्याने आमच्या चाळीतली मुलगी धागे ओढू लागली, त्याच द्रव्याने विदर्भातल्या फवारणी करणाऱ्या माणसाचा धागा तुटता तुटता राहतो. आता या झाडाला विषारी म्हणावे की औषधी, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते दोन्ही शब्द झाडाला लावण्याऐवजी वापरणाऱ्याच्या जाणतेपणाला लावावेत.

माझ्या या मताला मित्रांनी आणि एक-दोन प्राध्यापकांनीही हरकती घेतल्या. त्या रास्त आहेत, म्हणून त्यांचा विचार करते.

पहिली हरकत : "लहान मुलांच्या आवारात विषारी झाड ठेवण्याचा हट्ट कशाला?" मलाही ते मुलांच्या खेळण्याच्या जागी नको आहे, तेथून ते काढावेच. पण मूल फाटकाबाहेर पडले की रस्त्याच्या कडेला धोत्रा आहेच. महाशिवरात्रीला बाजारात फळांसकट त्याचे ढीग असतात. गणपतीच्या एकवीस पत्रींतही धोत्र्याचे पान असते. म्हणजे भाद्रपदात ते आपण स्वतःच घरोघर आणतो. सगळ्या महाराष्ट्रातून ते उपटणार कोण? मुलाला झाडापासून दूर ठेवता येत नसेल, तर झाड मुलाला ओळखीचे करून द्यावे लागते. विस्तवाच्या बाबतीत प्रत्येक आई हेच करते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. एक सर म्हणाले, "पाटी लावाल, तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही ठाऊक होईल. उद्या कोणी होळीच्या भांगेत टाकले म्हणजे?" मी यावर पुष्कळ विचार केला. भांगेत धोत्रा घालणाऱ्यांना पाटीची गरज लागलेली नाही. ही "युक्ती" पिढ्यान्पिढ्या तोंडातोंडी चालत आलेली आहे. त्यांना जे ठाऊक नसते ते असे की एका झाडातले विष दुसऱ्या झाडाएवढे नसते, एकाच झाडात ते वयाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे कमीजास्त होते, त्यामुळे "एवढ्याने काही होत नाही" हे वाक्य धोत्र्यापुढे कोणालाच म्हणता येत नाही. गंमत म्हणून मित्राला पाजणाऱ्याला हे कळले, तर त्याचा हात थरथरेल. निदान पिणाऱ्याला तरी ते कळायला हवे. अज्ञान राखून आपण गुन्हेगाराला रोखत नाही, सावजाला निःशस्त्र ठेवतो.

तिसरी हरकत धर्माची. देवाच्या झाडाला "विषारी" अशी पाटी लावली तर भाविकांना बोचेल, असे एका मैत्रिणीचे म्हणणे पडले. मला तर यात बोचण्यासारखे काही दिसत नाही. ज्या देवाने हलाहल प्राशन केले, त्याच्याच मस्तकी विषारी फूल वाहावे, यात पूर्वजांनी केवढी समज दाखवली आहे! पण शंकराने विष गिळले नाही, कंठात अडवले. कोठे थांबवायचे ते त्याला ठाऊक होते. आपण फूल वाहतो, आणि ही समज मात्र गाभाऱ्यातच ठेवून घरी येतो.

अर्धवट माहितीचे धोके मी नाकारत नाही. भ्रमणध्वनीवर रोज कोणी ना कोणी टक्कल, सांधेदुखी, दमा यांवर धोत्र्याचे घरगुती उपाय धाडीत असतो. ते वाचून प्रयोग करणारे महाभाग आहेत. शिवाय नावाचा घोटाळा वेगळाच. आपण ज्याला पिवळा धोत्रा म्हणतो, तो धोत्रा नव्हेच. तो अफूच्या कुळातला. काटेरी बोंडामुळे त्याला हे नाव चिकटले. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचे तेल मोहरीच्या तेलात भेसळ करतात. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठाहून अधिक माणसे मेली. दोन झाडांना एक नाव, दोन बियांचे एक रूप, आणि मधे सामान्य माणूस. अशा वेळी "विषारी झुडपे काढून टाकावीत" एवढ्या एका ओळीच्या सूचनेने काय होणार?

तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे. मागच्या भिंतीशी, मुलांच्या वाटेपासून दूर, जाळीच्या कुंपणात धोत्र्याचे एक झाड राहू द्यावे. त्याला पाटी लावावी. पाटीवर त्याची नावे असावीत, मामा-मामेभावासकट. बी, पान, फूल यांपैकी काहीही पोटात जाता कामा नये, हात लावला तर धुवावा, आणि कोणी खाल्लेच तर घरगुती उपाय न करता झाडाचा तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा, एवढा मजकूर असावा. आणि मराठी वाङ्मय मंडळाने एखाद्या शनिवारी फाटकासमोरच्या आजींना सन्मानाने आत बोलवावे, त्यांच्यामागून आपण सर्वांनी परिसरात एक फेरी मारावी आणि त्यांनी दाखवलेल्या झाडांची नावे वहीत टिपून घ्यावीत. त्या दिवशी मुलीला वाचवणारे ज्ञान आपल्या ग्रंथालयापासून चाळीस पावलांवर बसलेले होते. आपण रोज त्याच्यासमोरून, पुस्तके छातीशी धरून, आत येत होतो.

माझी सूचना मान्य होईल की नाही, ठाऊक नाही. पण एका पक्षाने आपला निर्णय आधीच दिला आहे. धोत्र्याचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. डिसेंबरात आम्ही पंचवीस-तीस जणांनी दिवसभर राबून जी जागा चकाचक केली होती, तेथे यंदा मृगाचा पाऊस पडताच आठ-दहा दिवसांत कोवळी रोपे वर आली. परवा मी मोजायचा प्रयत्न केला आणि शंभरानंतर सोडून दिला. चाळीतली ती मुलगी शेजारी उभी होती. आता ती पहिलीत आहे. मी वाकून एका पानाकडे बोट केले, तशी तिने घाईने माझा हात मागे ओढला.

"ताई, हात नको लावू. तो धोतरा आहे," ती म्हणाली.

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)